कडुनिंबाखालची पिल्लं

पार्वतीकाकूंनी आमच्या घरी येऊन आधी पाणी मागितलं.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं घर म्हणजे पुढे वडिलांचा छापखाना आणि मागे दोन खोल्या. भर दुपारी छपाईचं ट्रेडल मशीन चालू होतं. दारात एक म्हातारी बाई उभी राहिली, पदराने तोंड पुसत, हातात काही नाही. माझी सुमनआत्या अमरावतीला राजापेठेत ज्यांच्या घरी भाड्याने राहायची, त्या घरमालकीण. एकट्याच एस.टी.ने आल्या होत्या. आईने पेला पुढे केला. काकूंनी तो घेतला, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला, आणि मग म्हणाल्या, "सुमन गेली वं माय. आज सकायी." कॉलेजला निघायला साडी नेसता नेसता छातीत कळ आली आणि संपलंच सगळं... वडिलांनी मशीन थांबवलं. मला त्या क्षणी रडू आलं नाही. मी त्या रिकाम्या पेल्याकडे बघत राहिले. ज्या बाईने वर्षानुवर्षं आत्याच्या घागरीत वरून पाणी ओतलं, घागरीला घागर लागू दिली नाही, ती आमच्या घरचं पाणी मागून प्यायली होती. हे कसं झालं ते सांगायचं म्हणजे आत्याबद्दल सांगणं आलं, आणि आत्याबद्दल सांगायचं म्हणजे तिच्या पिल्लांबद्दल.

मी बाराखडी शिकले ती वडील छापत त्या चळवळीच्या पत्रकांच्या खराब प्रतींवर. त्यामुळे मला जग दोनच रकान्यांत दिसायचं, न्याय आणि अन्याय. आत्या मात्र सूक्ष्मदर्शकातून बघणारी. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर. छप्पनच्या दीक्षेनंतर तिने घरातले देव नदीत सोडले, भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली आणि लग्नाचा विषय काढणाऱ्यांना चहा देऊन वाटेला लावलं. राजापेठेत खोली मिळाली ती काकूंचा मुलगा त्याच कॉलेजच्या ऑफिसात होता म्हणून. खोली मिळाली, विहीर मिळाली नाही. काकूंचं घराणं काळ्या मातीच्या जमिनीचं, जुनं. त्यांनी कधी वाकडा शब्द काढला नाही, भाडं वाढवलं नाही, फक्त पाणी वरून ओतलं. मी चिडले की आत्या म्हणायची, "मले दिसते ना. पण मी इथंच राह्यणार हाय. पाहू कोण आधी थकते."

मी मॅट्रिकला होते त्या हिवाळ्यात कॉलेजात ॲक्सोलॉटलची जोडी आली. विभागप्रमुखांनी मुंबईच्या एका प्रयोगशाळेतून आणवली होती. पालीसारखा पण पाण्यातच जन्म काढणारा प्राणी, मेक्सिकोच्या तळ्यातला. कानामागे लाल पिसं फुटावीत तसे कल्ले, आणि तोंड असं की सतत हसतोय. मादीने टाकीतल्या पाणवेलीवर अंडी घातली. सर म्हणाले, फॉर्मॅलिनमध्ये टाका, पोरांना स्लाइडा होतील. आत्याने अर्धी मागून घेतली आणि तामचिनीच्या टोपात घरी आणली.

संक्रांतीला मी गेले तेव्हा तिच्या टेबलावर सगळीकडे पांढऱ्या बशा होत्या. साबुदाण्याच्या दाण्यासारखं पारदर्शक अंडं, आत काळा ठिपका. मग ठिपक्याची कोर होते, कोरीला डोकं आणि शेपटी दिसू लागते, आणि एक दिवस ती आतल्या आत वळते... आत्या भिंगातून दाखवायची आणि श्वास धरायची. जे अंडं पांढरं धुरकट पडेल ते ताबडतोब काचेच्या नळीने उचलून टाकायचं, नाहीतर बुरशी शेजाऱ्याला खाते. रोज पाणी बदलायचं, तेही रात्रभर माठात थंड झालेलं. म्हणजे दोन घागरी जास्त. म्हणजे काकूंना दोनदा जास्त वाकून ओतणं.

"बाई, कपडे धुता का एवढे?" काकूंनी विचारलं.

"पाहुणे आले हायेत," आत्या म्हणाली.

काकू बघायला आल्या, उंबऱ्याबाहेरूनच. तोवर पिल्लं बाहेर पडली होती, शेवयांच्या तुकड्यांएवढी. पहिले काही दिवस ती पोटातल्या शिदोरीवर राहतात, नंतर मात्र हलतं-जिवंत असेल तेच खातात. आत्या तळ्यावरून मलमलीच्या फडक्यात पाण्यातल्या पिसवा गाळून आणायची, पुढे डासांच्या अळ्या. मी तिला म्हटलं, पाणातिपाता वेरमणी म्हणतेस, जीव घेणार नाही म्हणून शील घेतेस, आणि जिवंत अळ्या चारतेस? ती म्हणाली, "शील म्या घेतलं. यायनं नाई घेतलं." पोट भरलं नाही तर पिल्लं एकमेकांचे पाय तोडतात. तोडलेला पाय पुन्हा फुटतो, पण त्याला दिवस लागतात, म्हणून तिने चावऱ्यांना वेगळ्या कुंड्यात ठेवलं होतं. काकू हे सगळं ऐकत होत्या. "आमच्या भावकीसारखंच हाय म्हना," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "पन हे हासते कावून?"

त्याच दिवसांत हिवतापाची फवारणी गावोगाव चालू होती. आत्या त्यात मनापासून पडली होती. तापाने तिची धाकटी बहीण लहानपणी गेली होती; तिच्यासाठी तो सरकारी कार्यक्रम नव्हता. तिने लिहिलेलं पत्रक आमच्याच छापखान्यात छापलं आणि मला अजून पाठ आहे. 'डास सोवळं पाळत नाही. देवघर आणि स्वयंपाकघर हीही घराचीच खोल्या आहेत.' 'घराच्याच' हवं होतं, ते वडिलांच्या नजरेतून सुटलं आणि आत्या वर्षभर त्यावरून त्यांना चिडवत राहिली. मॅट्रिकची परीक्षा देऊन मी अमरावतीला गेले, आणि आम्ही दोघी ती पत्रकं घेऊन दारोदार फिरलो. बहुतेक घरांत उत्तर एकच होतं, सगळीकडे मारा पण देवघरात नको. फवारणीवाले दारावर गेरूने लिहून जात, किती खोल्या आणि किती फवारल्या. काकूंच्या दारावर मागच्या खेपेचं लिहिलेलं होतं, पाच-चार.

यंदाची खेप कधी येणार ते कळलं, तेव्हा उन्हं तापायला लागली होती. पिल्लं बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, मागचे पाय नुकतेच फुटलेले. त्यांची कातडी म्हणजे ओला कागद. भिंतीवर मारलेलं औषध पाण्यात थोडं जरी उतरलं तरी एकही वाचणार नाही, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. चिखलदऱ्याला तिची एक मैत्रीण होती, तिथे थंडावा होता. पण घाटातले हिसके पिल्लांना सोसले नसते, आणि प्रॅक्टिकल परीक्षा चालू असताना तिला रजा मिळत नव्हती. अंगणात ठेवावं तर ऊन.

आदल्या दिवशी काकू आल्या. पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आल्या.

"सुमनबाई, एक बोलू? माह्या देवघरात ठेवा. थंड हाय, अंधार हाय. तिथं कोनाले येऊ नाई देत मी."

मला आजही तो क्षण अंगावर येतो. ज्या घरात आमच्या घागरीचा काठ चालत नव्हता, त्या घराच्या देवघरात आमचे कुंडे! मी मनात पत्रकाचा मथळासुद्धा लिहून टाकला. पण आत्याने कुंड्यात हात बुडवून पाणी किती गार आहे बघितलं. मग म्हणाली, "काकू, तुमचे उपकार हायेत. पन तिथं फवारणी नाई म्हनून मी तिथं ठेवू, आन् दारोदार सांगत फिरू का देवघरातबी मारू द्या?"

"जीव जातीन ना त्यायचा."

"जाईल," आत्या म्हणाली. "तापानंबी जाते."

काकू गेल्यावर मी आत्यावर तुटून पडले. ओरडलेच म्हणा. पिढ्यान् पिढ्या बंद असलेलं दार आपणहून उघडतंय आणि तू नाही म्हणतेस? ती शांतपणे पोती भिजवत होती. "उघडू दे ना. पन माणसासाठी उघडू दे. असं लपूनछपून, डासाच्या मेहेरबानीनं मले नाई जायचं तिथं." मला ते पटलं नाही. काही अंशी आजही पटत नाही. लढाईत मिळेल त्या दाराने आत शिरावं असं माझं मत आहे. पण रात्रंदिवस जपलेली पिल्लं एका छापील वाक्यापायी उन्हात नेऊन ठेवणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आमच्या चळवळीतही नाही.

सकाळी आम्ही कुंडे अंगणातल्या कडुनिंबाखाली नेले. तळाशी वाळू, चहूबाजूंनी ओली पोती, वरून ओलं फडकं. फवारणीवाले पंप घेऊन फाटकात आले. आत्याने आपली खोली उघडून दिली आणि बाजूला उभी राहिली. मग काकूंच्या दाराशी ते नेहमीसारखं विचारू लागले, किती खोल्या मारायच्या बाई?

काकू आतून आल्या. हातात पितळेची परात, परातीत लाल कापड, कापडावर सगळे देव. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, महादेवाची पिंड, एक चांदीचा टाक. त्या सरळ कडुनिंबाखाली आल्या आणि परात आमच्या कुंड्यांना लागून ठेवली.

"इची जनावरं उन्हात बसू शकतात," त्या फवारणीवाल्याला म्हणाल्या, "तं माह्ये देव काय मेनाचे हायेत? मार पाचही."

तो माणूस गोंधळला. आत्या हसली नाही. तिने एक ओलं पोतं उचललं, घडी करून परातीखाली सारलं, पितळ तापू नये म्हणून.

त्या दुपारी ऊन फार झालं. पोती घटकेत वाळायची. विहिरीवर कोणी ओढायचं, कोणी नाही, हा नेम मोडला होता. मी पाणी ओढत होते, आत्या नेत होती, आणि मध्येच काकूंनी आत्याच्या हातून घागर घेतली. घेतली आणि पोत्यांवर रिती केली. पुन्हा भरली. संध्याकाळपर्यंत बरीच पिल्लं पोट वर करून तरंगू लागली... आत्या एकेकाला बशीत काढत होती. काकू शेजारी बसून होत्या, परात अजून बाहेरच. शेवटी त्या म्हणाल्या, "सुमन, हे पाय हालवून राह्यलं, पाह्य." 'सुमनबाई'तलं 'बाई' गळून पडलं ते तिथे. थोडीच वाचली. त्यांतली दोन मोठी झाली.

मी काकूंची आरती ओवाळत नाही. घागरीला घागर लागली म्हणून शेकडो वर्षांची विहीर आमची होत नाही, आणि त्याच गल्लीत पुढच्या घरी कित्येक वर्षं काहीच बदललं नाही. हे आत्यालाही ठाऊक होतं. ती फक्त म्हणायची, "थकली बरं का बुढी आधी." पुढे दर उन्हाळ्यात ती कुंडा मांडीवर घेऊन चिखलदऱ्याच्या एस.टी.त बसायची. कंडक्टर विचारायचा, बाई, दही का? ती म्हणायची, हो, हालणारं हाय, हळू चालवाले सांग. एक-दोनदा काकूही सोबत गेल्या.

परवा मी तिची खोली आवरायला अमरावतीला गेले. पुस्तकं कॉलेजला द्यायची होती, तसबीर मला हवी होती. कुंडा कडुनिंबाखाली, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, पोतं ओलं. आत एकच उरलंय, म्हातारं, कल्ले विरळ झालेलं. मी ते नेण्याबद्दल विचारलं. काकूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "बस वं पोरी, जेवून जा," म्हणाल्या. "आदी सुमनच्या लेकराले पानी देऊन घेऊ दे."

त्या विहिरीवर गेल्या आणि मी त्यांच्या दाराशी उभी राहिले. दिवाळीला सगळं घर रंगवलेलं होतं. फक्त चौकटीशेजारी वीतभर जागा रंगाऱ्याने सोडलेली, आणि तिथे गेरूचे ते आकडे, जरा पुसट... पाच-पाच.