नाव घातलेला माल

मुक्ता आणि ईशान,

परवा फोनवर तुमचा वाद मी ऐकत होते. ठरावीक पैशांत खेळांसाठी कॉम्प्युटर जुळवायचा, तर ग्राफिक्स कार्डावर जास्त खर्च करावा की प्रोसेसरवर. मी मध्येच म्हणाले, "पॉवर सप्लाय आधी हातात घेऊन बघा. हलका लागला तर घेऊ नका." आजीला हे कुठून ठाऊक, हे तुम्ही विचारलंत आणि नेमका फोन तुटला. त्याचं उत्तर आता लिहून पाठवते. आमच्या समोरचं भांड्यांचं दुकान नुकतंच पाडलं, तेव्हा हे आत्ताच लिहिलेलं बरं.

त्या दुकानाच्या मालकांना सगळी गल्ली अप्पा म्हणे. कुठलंही भांडं उचललं की ते आधी तळहातावर तोलत, मग बोटाच्या पेराने वाजवत आणि मान तिरकी करून नाद विरेपर्यंत थांबत. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी त्यालाही थांबावं लागे. मग अप्पा म्हणत, "वजन हाय. घ्या." पातेलं देताना झाकण बसवून, एकदा गोल फिरवून दाखवत. "झाकण बसलं पायजे. न्हाईतर दोनी वस्तू वाया."

लग्नामुंजीत दिलेल्या भांड्यांवर नावं घालतात, हे तुम्ही आपल्या घरच्या ताटांवर पाहिलं आहे. अप्पांकडे त्यासाठी जाड पेनासारखं विजेचं यंत्र होतं. ते सुरू करण्याआधी ते बजावत, "नीट सांगा. एकदा नाव घातलं की माल परत न्हाई." एकदा एक लग्न मोडलं, तर मुलाचा मामा नाव घातलेला हंडा परत घेऊन आला. अप्पा शांतपणे म्हणाले, "लगीन मोडलं. हंडा कुठं मोडलाय?" मामा हंडा डोक्यावर घेऊन निघून गेला.

त्यांचा एकुलता एक मुलगा माझा विद्यार्थी. तो पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि पहिल्याच वर्षी त्याची आई वारली. त्यानंतर तो घरी येईनासा झाला. दिवाळी गेली, उन्हाळ्याची सुट्टी गेली. अप्पा रोज सकाळी कपाळावर भस्माचे पट्टे ओढून दुकान उघडत, आणि पुण्याची एसटी यायच्या वेळेला उगाच दुकानाच्या पायरीवर उभे राहत.

एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. कॉम्प्युटरचं एक इंग्रजी मासिक त्यांनी गुंडाळून काखेत धरलं होतं.

"बाई, येवढं वाचून सांगता का?"

मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही कॉम्प्युटर शिकताय?"

"मी कशाला? पोराला फोनवर इचारलं, घरी कावून येत न्हाईस? तर म्हन्ला, तिथं काय हाय? म्हन्लं, काय पायजे ते सांग. तर हसला, म्हन्ला, गेम चालणारा कॉम्प्युटर घ्या, मग येतो." अप्पांनी मासिक सरळ केलं. "मग घ्यावा म्हन्लं."

मुलगा थट्टेने बोलला असणार, हे मला कळत होतं. अप्पांनाही कळत असावं. मी चष्मा लावला आणि वाचायला बसले.

तो महिनाभर आम्ही दोघं माझ्या ओसरीवर बसून एकेक भाग समजून घेत होतो. मला इंग्रजी येत होतं, पण त्यातल्या एकाही वस्तूचं तोंड मी पाहिलं नव्हतं. मी अर्थ सांगे आणि अप्पा त्याचं भांडं करत. सगळ्यात महाग प्रोसेसर मी वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "येवढी मोठी शेगडी घेतली आन् वर वाटी ठेवली तर कसं व्हईल? मधलं बघा. लई भारी नको, हलकं बी नको." मग प्रोसेसर मधला ठरला, त्याला साजेशी मेमरी ठरली आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डासाठी ठेवले, कारण खेळातली चित्रं तेच काढतं, असं मासिकात लिहिलं होतं.

माल औरंगाबादहून आणायचा होता. अप्पांनी मलाही चलायचा आग्रह केला. तिथल्या दुकानात त्यांनी मांडलेले सगळे पॉवर सप्लाय तळहातावर तोलले, त्यातला सर्वांत जड उचलला आणि पेराने वाजवला. विक्रेता हसू दाबत होता, पण म्हणाला, "काका, बरोबर तोच घेतला तुम्ही."

आम्ही ठरवलेला मदरबोर्ड मात्र संपला होता. विक्रेत्याने दुसरा पुढे केला. "तसाच आहे. उलट चित्राची सोय यात आधीपासूनच आहे." अप्पांनी बोर्ड आणि कार्ड एकत्र बसवून बघायला मागितलं. तो म्हणाला, "खोकं फोडलं की तुमचं झालं, काका." अप्पांनी दोन्ही खोकी तळहातांवर तोलली. मग म्हणाले, "बांधा." झाकण न बसवता त्यांनी घेतलेली ती एकच वस्तू असेल. परतीच्या एसटीत मॉनिटर त्यांच्या मांडीवर होता आणि कंडक्टर म्हणत होता, "अप्पा, टीव्हीचं तिकीट काढा."

घरी पोचल्यावर अप्पांनी खोकी उघडली आणि नाव घालायचं यंत्र बाहेर काढलं. मी विचारलं, "यावरही?"

"पोराला द्यायची वस्तू हाय. बिननावाची कशी द्यावी?"

कॅबिनेटच्या पत्र्यावर, पॉवर सप्लायवर, कार्डाच्या कडेच्या पट्टीवर आणि बोर्डाच्या मागच्या इवल्याशा पत्र्यावर त्यांनी मुलाचं नाव घातलं. देणाऱ्याचं नाव घालायची रीत असते, त्याची मी आठवण केली. ते म्हणाले, "घरातल्या घरात देणारा कोन आन् घेणारा कोन?"

दुसऱ्या दिवशी जोडणी करणारा तंत्रज्ञ आला. बोर्ड खाली ठेवून त्याने कार्ड हातात घेतलं, फिरवलं आणि परत ठेवलं. "अप्पा, या कार्डाची खाचच न्हाई या बोर्डावर."

अप्पा पुन्हा औरंगाबादला गेले. विक्रेत्याने दोन्ही वस्तू उलटून पाहिल्या. "काका, खोकं फोडलं असलं तरी बोर्ड मी बदलून दिला असता. पण दोन्हींवर नाव घातलंय तुम्ही. आता परत कसं घेऊ?"

हे मला अप्पांनीच सांगितलं. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? म्हन्लं, बरोबर हाय तुमचं."

त्यांनी एसटीडी बूथवरून मुलाला फोन लावला तेव्हा मी शेजारी उभी होते. "अरं, तुझ्या कॉम्प्युटरचं झाकण बसंना झालंय," ते म्हणाले. मग त्यांना सगळं सांगावं लागलं. त्यांनी रिसीव्हर कानापासून दूर धरून पाहिला. अप्पांनी मला विचारलं, "कट झाला का?" तेवढ्यात आवाज आला असावा, कारण ते म्हणाले, "तूच म्हन्ला व्हतास न्हवं?" मग नुसतंच, "हां. हां. ये."

आठवड्याच्या आत तो आला. पिशवीत कार्डाच्या खाचेचा बोर्ड होता. त्याने दुकानात येऊन कार्ड हातात घेतलं, पट्टीवरच्या नावावरून अंगठा फिरवला आणि नवा बोर्ड बापापुढे ठेवला.

अप्पांनी विचारलं, "ह्याच्यावर?"

"घाला की, अप्पा."

पहिला बोर्ड गल्ल्यामागे खिळ्याला लटकत राहिला. कुणी विचारलं तर अप्पा सांगत, "चुकलेलं झाकण हाय."

त्यानंतर शिक्षण संपेपर्यंत मुलगा प्रत्येक सुट्टीला आला. दुकानावरच्या खोलीत तो मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळे आणि अप्पा शेजारच्या स्टुलावर बसून पाहत. एकदा मी वर गेले तर त्यांनी मला हातानेच गप्प बसायची खूण केली. वळण अवघड होतं.

पुढे तो नोकरीला परदेशी गेला, तुमच्या बाबासारखाच. अप्पा दर सोमवारी दुकान बंद ठेवत. त्या दिवशी ते कॉम्प्युटर पुसून सुरू करत. तो खेळ नुसता लावून ठेवला की मोटारी आपोआप पळत राहत. मी एकदा विचारलं, "अप्पा, कोण चालवतंय?"

"कुनीच न्हाई," ते म्हणाले. "वापरात नसलं की भांडं काळं पडतं, बाई."

अप्पा गेले तेव्हा मुलगा वेळेवर पोचू शकला नाही. आल्यावर त्याने दुकान विकायचं ठरवलं. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने कॅबिनेट उघडून कार्ड तेवढं काढलं आणि रुमालात गुंडाळलं. मला म्हणाला, "बाई, बाकीचं तुमच्याकडे ठेवा. त्याला सामानात जागा नाही."

कॅबिनेट माझ्या खोलीत शिवणयंत्राशेजारी आहे. ते आता सुरू होत नाही. त्याच्या पत्र्यावर मुलाचं नाव अजून स्पष्ट वाचता येतं. देणाऱ्याचं नाव त्यावर नाही.