दाजी वकिलांचं वाढतं बिऱ्हाड

मालवणात दोन वकील एकत्र बसले की तिसऱ्याची निंदा होते, आणि तिघे बसले की दाजींचा विषय निघतो! एकानं एक गोष्ट सांगितली की दुसरा म्हणतो, "ही काहीच नाही, माझी ऐक." तेवढ्यात तिसऱ्याचा चहा गार. एकोणीसशे पन्नास ते सत्तरच्या दरम्यानची बहुतेक वर्षं मी दाजींचा ज्युनिअर होतो, म्हणून माझ्याकडचा साठा जरा मोठा.

दाजी दिवाणी वकील. पण घरच्यांना नकोशी झालेली आंधळी, मुकी, पांगळी माणसं त्यांच्याकडे यायची. त्यांच्या केसेस दाजी फुकट लढायचे, आणि ज्यांना थारा नाही त्यांना घरामागच्या खोल्यांत ठेवून घ्यायचे. बाररूममध्ये विनोदच होता, "आपला पक्षकार जिंकला की स्वतःच्या घरी जातो. दाजींचा जिंकला की दाजींच्या घरी जातो!"

*

कुणकेश्वरच्या पलीकडच्या एका गावचा बाबी जन्मांध. वडील गेल्यावर भावांनी त्याला वाटणीतून वगळला. दाजींनी दावा लावला.

समोरचे वकील जोरात. म्हणाले, "साहेब, भाऊ याला जन्मभर जेवायला घालतील. पण ज्याला शेताचा बांध दिसत नाही, त्याला जमीन कशाला?"

दाजी शांतपणे उठले. "साहेब, यांच्या गावात शंकराची पिंडी आहे. तिला डोळे नाहीत, हात नाहीत, पाय नाहीत. तरी देवाच्या नावावर जमीन आहे. ती कशी चालते?"

"ती गाव कसतो!" समोरचे वकील पटकन बोलून गेले.

"मग बाबीची भाऊ कसतील. हिस्सा तेवढा बाबीचा!"

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. निकाल बाबीच्या बाजूनं लागला.

*

दाजींच्या पत्नीला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. दाजी कोर्टातून कोणाला घेऊन येतील याचा भरवसा नसे, म्हणून त्या अंदाजानं वाढीव भात टाकायच्या.

एका संध्याकाळी दाजी एकटेच घरी पोचले. वहिनींनी त्यांच्या पाठीमागे वाकून बघितलं.

"आज कोण नाय?"

"कोण नाय."

"मगे ह्यो भात कोण खातलो? जावा, कोणाक तरी घेवन येवा!"

दाजी आल्या पावली परत फिरले आणि माझ्या खोलीवर आले. "चल रे," म्हणाले, "आज तूच अनाथ." त्या दिवसापासून मी तिथंच जेवू लागलो!

*

दाजींकडे राहणाऱ्या इंदूचे दोन्ही पाय लहानपणच्या तापात गेले होते. तिच्यासाठी दाजींनी मुंबईहून चाकांची खुर्ची मागवली. ती आगबोटीनं आली. बोट समुद्रात लांब उभी राहायची, सामान पडावातून किनाऱ्याला. पडावावरच्या खलाशानं खुर्ची चारी बाजूंनी निरखली आणि विचारलं, "हेका वल्ही खंय?"

इंदूला किनाऱ्यावरच खुर्चीत बसवलं. दाजींनी ढकललं. खुर्ची ढिम्म! चाकं वाळूत रुतली. दाजींचा चेहरा पडला. किती महिने त्यांनी या खुर्चीची वाट बघितली होती!

तेवढ्यात रापणीचं जाळं ओढून बसलेले चार गडी उठले. त्यांनी खुर्ची इंदूसकट खांद्यावर घेतली आणि चालू लागले. आयुष्यभर जमिनीवर सरपटलेली पोरगी एकदम सगळ्यांच्या डोक्यावर! माड, होड्या, माणसं सगळं खाली. ती इतकी हसत होती की गड्यांचा तोल जातो की काय, अशी आम्हाला भीती!

घराशी आल्यावर खाली उतरवलं, तर म्हणते कशी, "दाजी, ती चाकां काढून टाका!"

*

त्याच बिऱ्हाडातल्या सोमाचे दोन्ही हात एका स्फोटात कोपरापासून गेलेले. निवडणूक आली तेव्हा दाजी त्याला मतदानाला घेऊन गेले. टेबलावरचे साहेब शाईची बाटली धरून अडले. "यांना बोटच नाही. शाई लावल्याशिवाय मत देता येणार नाही."

दाजींनी विचारलं, "शाई कशाला लावायची?"

"बोटाला."

"सोमा, चप्पल काढ. साहेब, ही पाच बोटंच आहेत ना? की मराठीत यांना दुसरं काही म्हणतात?"

साहेब हसले आणि खाली वाकून त्यांनी अंगठ्याशेजारच्या बोटाला शाई लावली. सोमानं मत दिलं. मग काय! वाटेत भेटेल त्याला तो पाय उचलून शाई दाखवू लागला. गावचे खोत भडकले. "माका पाय दाखवतस रे?"

"पाय नाय खोतानू," सोमा म्हणाला, "मत दाखवतंय!"

*

हे सगळं कशासाठी, असं दाजींना पुष्कळ जण विचारायचे. भटजींना ते म्हणत, "पुण्य." डॉक्टरांना म्हणत, "वेड." मी एकदा खोदून विचारलं तर म्हणाले, "अरे, कोर्ट अकराला उघडतं. सकाळभर माणसानं करायचं काय?"

*

तळेऱ्याकडच्या आपांनी आपलं घर शेवटी मुलीच्या नावावर केलं, हे सगळ्यांना माहीत आहे. ते आले होते भलत्याच कामासाठी. त्या दिवशी मी ऑफिसात होतो.

आपांची शालू वयानं तिशीची, समजेनं पोरच. आपांना सगळं पुतण्याच्या नावे करायचं होतं, त्यानं शालूला सांभाळायचं या अटीवर. शालू भिंतीकडच्या बाकावर पाय हलवत बसली होती.

"तुमच्या मागे पुतण्यानं हिला घराबाहेर काढली तर?" दाजींनी विचारलं.

आपांनी शालूकडे बघितलं. मग म्हणाले, "तुमीच सांगा. माका झोप लागणा नाय."

"मी कशाला? तिलाच विचारू."

"तां काय सांगतला!" आपा खिन्न हसले.

दाजींनी खुर्ची वळवली. "बाय, तुका काय होया?"

शालूचे पाय थांबले. तुला काय हवं, असं तिला कोणी कधी विचारलंच नसावं. ती दाजींकडे बघत राहिली. बाहेर पक्षकार खोळंबले होते. दाजी हलले नाहीत.

"आनी तुका?" शालूनं विचारलं.

दाजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माका?" ते हळूच म्हणाले, "माका वायच बसाक होया गो. दमलंय."

शालू बाकावर एका टोकाला सरकली. मोकळ्या जागेवर तिनं हात थोपटला.

"मगे बस."

दाजी उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. आपा खुर्चीतून बघत होते. मग तेही उठले, बाकापाशी येऊन उभे राहिले.

"शालू," ते म्हणाले, "वायच सरक गो. माका पण बसांदे."