लाल पेनाने कापलेल्या फेऱ्या

साइटवर बाबांना सगळे सळीमास्तर म्हणायचे. इमारतीच्या खांब-तुळयांचं गणित बाबांचं. पण लोखंड बांधून झालं, की काँक्रीट ओतायच्या आधी सळी न् सळी स्वतः तपासल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. मी त्यांचं ऑफिस सांभाळायचे, म्हणजे कोटेशन टाइप करायचे आणि घासाघीस झाली की कमी झालेला आकडा पुन्हा टाइप करायचे.

एका पाच मजली दवाखान्याच्या मालकाने आर्किटेक्टची फी खाली आणली. आर्किटेक्टने स्वतःच्या वाट्याला हात लावला नाही. प्लंबिंगवाला, वीजवाला आणि बाबा या तिघांच्या वाट्याला कात्री लावली. बाबांनी आठ साइट व्हिजिट लिहिल्या होत्या. त्याने आमच्यासमोर लाल पेनाने आठाच्या तीन केल्या.

"काका, घरचंच काम आहे. जरा सांभाळून घ्या."

घरचं काम! याच्या घरी आम्हाला कोणी कधी पाणी विचारलं नव्हतं. बाबांनी मात्र मुकाट्याने सही केली.

तीन फेऱ्या दुसऱ्या मजल्यालाच संपल्या. पुढच्या चार बाबांनी पदरमोड करून केल्या, दुखऱ्या गुडघ्याने, स्कूटरवर. माझं डोकं फिरलं होतं. आठव्या फेरीला ते बूट चढवत होते, तेव्हा मी स्कूटरची किल्लीच उचलली.

"पैसे कोण देतंय तुम्हाला? तुमच्या या भलेपणावरच त्याचं दुकान चालतं."

"अगं, वरच्या बाल्कनीचं लोखंड आहे आज."

"फोन करून विचारा."

त्यांनी विचारलं. सुपरवायझर म्हणाला, "सगळं ड्रॉइंगप्रमाणे आहे, मास्तर." बाबांनी बूट काढले. मी जिंकल्याच्या खुशीत चहा टाकला.

भिंतीबाहेर लटकणाऱ्या बाल्कनीत मुख्य सळ्या वरच्या अंगाला लागतात. साइटवरच्या लोकांनी त्या खालच्या अंगाला बांधल्या होत्या. महिनाभराने टेकू काढले आणि बाल्कनी कोसळली. टेकू काढणारा मजूर तिच्याखाली सापडला. त्याचे दोन्ही पाय गेले.

चौकशीत आर्किटेक्ट साळसूदपणे म्हणाला, "तीनच व्हिजिट ठरल्या होत्या, खरंय. पण काका नेहमी येतातच, म्हणून आम्ही निर्धास्त होतो."

बाबांच्या फुकट फेऱ्या त्याने हिशोबात धरल्या होत्या! मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

"मग त्या दिवशी का आला नाहीत?" अधिकाऱ्याने बाबांना विचारलं. मी मागच्याच खुर्चीवर होते.

"कंटाळा केला," बाबा म्हणाले.

उभ्या आयुष्यात त्या माणसाने कामाचा कंटाळा केला नव्हता. त्यांचा परवाना रद्द झाला. आर्किटेक्टला समज देऊन सोडलं.

घरी आल्यावर मी रडत त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं.

"तुझं काय चुकलं? फुकटच जात होतो मी."

त्यापेक्षा त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती, तर बरं झालं असतं.