रविवारचा क्लास

नंदनवन वस्तीत शाळेची व्हॅन चालवणाऱ्या संघपाल खोब्रागडेला हॉर्नची गरजच नव्हती. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून तो "चला गाऽ!" म्हणून ओरडला, की तिसऱ्या गल्लीतलं पोरगंही एका पायात बूट घालून धावत यायचं. बारा वर्षं त्यानं पोरं नेली-आणली. कोणाचा डबा आज उघडलाच नाही, कोण घरून मार खाऊन आलंय, हे त्याला समोरच्या आरशात दिसायचं. शाळेतल्या बाईंना नसेल दिसत. त्यांच्यासमोर साठ डोकी, त्या तरी काय करतील!

मग कोरोना आला आणि व्हॅन अंगणात उभी राहिली. पोट काही लॉकडाऊन पाळत नाही. संघपालनं मागच्या सीटा काढल्या आणि दोन हजार एकवीसच्या दिवाळीच्या आधीपासून नरखेडकडची संत्री आणून गल्लोगल्ली विकू लागला. तोवर मोठ्या पोरांच्या शाळा उघडल्या होत्या. सातवीपर्यंतची पोरं मात्र अजून मोबाईलमध्येच शिकत होती.

त्या सातवीत वैभवी होती. व्हॅनमध्ये बसली की या पोरीच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, तो शाळेच्या फाटकाशीच थांबायचा. एप्रिलच्या लाटेत तिचे आजोबा, बापूजी, गेले. घरच्यांना धड तोंडही पाहायला मिळालं नाही. गेलेल्या माणसासाठी वंदना घेऊन त्याच्या आठवणी सांगायच्या, तो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही राहूनच गेला. तेव्हापासून ही पोर संघपालला दिसलीच नव्हती, आणि ते त्याला डाचत होतं.

एका सकाळी तिची आई सरिता संत्री घ्यायला बाहेर आली, तेव्हा त्यानं विचारलंच, "वैभू कुठी हाय वं ताई? खिडकीतही येत नाही."

"क्लास चालू हाय तिचा, भाऊ."

संघपालच्या हातातलं संत्रं हातातच राहिलं. "आज इतवार हाय, ताई."

सरितानं पदर तोंडाला लावला आणि ती तिथंच गाडीला टेकून रडायला लागली.

मग सगळं बाहेर आलं. पोर मागच्या खोलीत कडी लावून पडलेली असते. दिवसा झोपते, रात्री जागते, अर्धी पोळी खाते, बोलत तर नाहीच. मोबाईल स्वयंपाकघरात असतो आणि पोळ्या लाटता लाटता 'प्रेझेंट' असं सरिताच टाकते, रोज.

"नाव कटलं तर? अन् लोक म्हणतील, पोरगी येडी झाली."

"आग लागो त्या लोकायच्या तोंडाले!" संघपाल भडकला. "पोरगी आत सुकून राहिली, अन् तुम्ही हजेरी लावून राहिल्या?"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. सरिताच्या डोळ्यांखालचं काळं त्याला आता दिसलं. ही बाई तरी कुठं झोपली असेल?

तो आत गेला आणि मागच्या खोलीच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसला. आधी सवयीनं "चला गाऽ!" म्हणून ओरडून पाहिलं. आत साधी कूसही बदलली नाही कोणी. स्वतःच्या मूर्खपणाची त्याला लाज वाटली. मग त्यानं आवाज खाली आणला आणि कोणालाच, बायकोलाही सांगितली नव्हती ती गोष्ट सांगितली.

"वैभू, आमच्या घरी कोरोना मी आणला. सर्दी हाय म्हणत दोन दिवस घरभर फिरलो. मग तुह्या शामलामामीले झाला. अकरा दिवस ऑक्सिजनवर होती. वाचली, पण मी अजून तिच्या डोळ्यात पाहत नाही."

मग अगदी दाराजवळून आवाज आला.

"मामा, बापूजीले मी मारलं."

संघपालनं मान वळवून दाराला कान लावला.

"त्या दिवशी आईचं डोकं दुखत होतं. मी गोळ्या आणायले औषधाच्या दुकानात गेली. लय गर्दी होती. माहा मास्क नाकाखाली होता. तिसऱ्या दिवशी बापूजीले दवाखान्यात नेलं, अन् ते आलेच नाही. मीच आणला घरात."

सरिता धावत येऊन दारावर हात मारायला लागली.

"अवं माय! माहं डोकं नव्हतं दुखत! ताप बापूजीले होता, आदल्या दिवसापासून. तू घाबरशील म्हणून मी खोटं बोलली. गोळ्या त्याईच्यासाठीच होत्या. ताप आधी आला, बाई. तू मागून गेली दुकानात!"

कडी निघाली. पोरीच्या केसांचा नुसता गुंता झाला होता, गालांची हाडं वर आली होती.

"म्हणजे मी नाही आणला?"

"तू औषध आणलं, माय."

वैभवीनं आईच्या खांद्यावर दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली. "सांगितलं काहून नाही? सांगितलं काहून नाही?" मारता मारताच ती आईच्या गळ्यात पडली. संघपालही रडला, चांगला हुंदके देऊन, आणि त्याला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

आता एका दिवसात पोर बरी झाली असं सांगितलं, तर ते खोटं होईल. दुसऱ्या दिवशी सरितानं वर्गाच्या बाईंना फोन करून हजेरीचं खरं ते सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. मुलांशी बोलणाऱ्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता त्यांनीच दिला. दर गुरुवारी संघपाल मायलेकींना संत्र्यांच्या पेट्यांच्या मधे बसवून तिकडं न्यायचा. पहिले दोन गुरुवार वैभवी गप्पच बसली. तिसऱ्या गुरुवारी परत येताना तिनं एक संत्रं सोलून खाल्लं आणि आंबट आहे म्हणून कुरकुर केली. संघपालला वाटलं, जिंकलो!

घरी त्यानं शामलालाही मनातलं सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हणून इतके दिवस तोंड चोरून राहिले होय? मले वाटलं, दुसरी पाहिली!"

डिसेंबरात बापूजींचं राहिलेलं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, वडीलधाऱ्यांनी बापूजींबद्दल चार-चार शब्द सांगितले. कोणी न बोलावता वैभवी उठली. तिचा आवाज मागं दाराशी उभ्या संघपालपर्यंत पोचला.

"बापूजीले ताप आला, तेव्हा त्याईच्या गोळ्या मी आणल्या होत्या."

एवढंच बोलून ती खाली बसली. मग पंगतीत तिनं दोनदा खीर मागून घेतली.