अण्णांचा हातगुण

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि सोलापुरातल्या आमच्या गिरणीच्या कचेरीत कपाटाएवढा कॉम्प्युटर आला होता. लोक तो पाहायला यायचे, आणि तो पाहून झाला की मला पाहायचे. त्याच्यापाशी बसणारी मी एकटीच बाई.

रोज सकाळी तो चालू करणं हेच मोठं काम होतं. भोकं पाडलेल्या कागदी फितीवरून मूळ प्रोग्राम आत जायचा, मग तो जोडलेल्या एकेका यंत्राला हाक मारायचा. आधी टाइपरायटर, शेवटी प्रिंटर. प्रत्येक यंत्राशी बोलायला एक छोटा प्रोग्राम असे, त्याला ड्रायव्हर म्हणत. प्रिंटर दुसऱ्या कंपनीचा, म्हणून त्याचा ड्रायव्हर अण्णांनी स्वतः लिहिला होता. अण्णा म्हणजे माझे वरिष्ठ. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि लहानपण सगळं घरच्या यंत्रमागावर गेलेलं.

अण्णांनी चालू केलं की मशीन सुरळीत चालायचं. मी चालू केलं की प्रिंटरपाशी येऊन ठप्प. मशीनच्या तोंडावरचे लुकलुकणारे दिवे जिथल्या तिथे थिजायचे. मग अण्णा आले की सगळं ठीक!

कचेरीत बोललं जाऊ लागलं, "मशीनला बाई चालत न्हाय. अण्णांचा हातगुणच लागतो." हातगुण वैद्याला असतो, सुईणीला असतो, लोखंडाच्या कपाटाला त्याचं काय कळतंय? मी असं फणकाऱ्यानं म्हणायचे, आणि मी चिडले की लोकांना आणखी चेव चढायचा. मॅनेजरसाहेब मात्र थट्टा करत नव्हते. म्हणाले, "सोमवारी मी समोर उभा राहतो. तुम्ही एकट्यांनी चालू करा. नाही झालं, तर टायपिंगला बसा."

गणितात पहिली आले होते मी. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले.

अण्णांनी आणि मी ड्रायव्हर ओळीओळीनं तपासला. "हितं प्रिंटर 'तयार' म्हणेपर्यंत थांबायचं. बरोबर हाय की," असं म्हणत ते पुढे जायचे. शेवटी हताश झाले. "ताई, तुमची चूक न्हाय. पण माझी बी सापडंना."

शनिवारी मी रुसून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. हातच लावणार नाही म्हटलं. अण्णा आले, चपला बाहेर काढल्या, आणि जाता जाता प्रिंटरचं बटण अंगठ्यानं दाबलं. कागद कटकन एक ओळ वर सरकला. मग ते मशीनकडे वळले.

"अण्णा, हे काय केलंत?"

"काय केलो?"

"प्रिंटरला हात लावलात."

त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. "व्हय की. माग चालू करायच्या आधी चाक एकदा हातानं फिरवून बघायचं, असं वडलांनी शिकवलंय. हात जातोच."

मी सगळं बंद केलं आणि ते बटण न दाबता त्यांनाच चालू करायला लावलं. मशीन ठप्प! बटण दाबलं, तसं पुढे गेलं. वीज आल्यावर कागद एकदा सरकल्याशिवाय तो प्रिंटर 'तयार' म्हणतच नव्हता, आणि ड्रायव्हर त्याच्या होकाराची वाट पाहत बसायचा. अण्णांच्या अंगठ्यानं ती चूक रोज झाकली जात होती.

मी आनंदानं ओरडले. अण्णा मात्र मटकन खुर्चीत बसले. "माझ्या हातामुळं तुमची बदनामी झाली की, ताई." त्यांचा चेहरा पाहून मला भरून आलं. रागवायचं तरी कुणावर?

त्याच दिवशी ड्रायव्हर बदलला. आधी त्यानं स्वतःच कागद एक ओळ सरकवायचा, मग उत्तराची वाट पाहायची.

सोमवारी मॅनेजरसाहेब समोर उभे राहिले. अण्णा उंबऱ्याच्या आत आलेच नाहीत, हात पाठीमागे घट्ट बांधून दारात थांबले. मी फीत लावली. टाइपरायटर झाला, बाकीचं झालं, प्रिंटरची पाळी आली. कटकन आवाज झाला, कागद आपणहून सरकला आणि दिवे पुढे धावू लागले. साहेब "ठीक आहे" म्हणाले आणि गेले. टायपिंगचं नाव पुन्हा निघालं नाही.

त्यानंतर अण्णांनी सकाळी प्रिंटरला कधी हात लावला नाही. एकदा मी चिडवलं, "अण्णा, वडिलांची शिकवण विसरलात वाटतं!"

"न्हाय हो ताई. हात लई शिवशिवतो," ते म्हणाले. "पण मी लावलो, तर लोक परत म्हणतील, अण्णाच्याच हातानं चालतंय."