अमरावतीचा वर्ग आणि अकोल्याची माय

बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा नुकतं उजाडत होतं. जानेवारी होता. पुण्यात जी शाल मला पुरते ती इथे फलाटावर उतरताच अपुरी ठरली. माझी कॉलेजच्या वसतिगृहातली मैत्रीण ज्योती स्कूटर घेऊन न्यायला आली होती. ती अमरावतीत वकिली करते. माझी बॅग पायाशी ठेवून तिने स्कूटर सुरू केली आणि अमरावतीच्या रस्त्याला लागेपर्यंत माझे दात वाजत होते. वाटेत हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग मांडायला सुरुवात झाली होती.

मी पुण्यात योगाचे वर्ग घेते. गेली काही वर्षं माझा भर अवघड आसनांवर नाही. जमिनीवर किंवा खुर्चीत बसून अगदी लहान, संथ हालचाली करायच्या आणि त्या करताना खांदा, पाठ, श्वास यांत काय होतं याकडे लक्ष द्यायचं, असं मी शिकवते. याला हल्ली सोमॅटिक म्हणतात. ज्योतीची मान कोर्टाच्या कागदपत्रांपुढे वाकून आखडली होती. तिने माझा एक वर्ग पुण्यात केला आणि मग आठवडाभर अमरावतीला येण्याचा आग्रह धरला. त्यांच्या कॉलनीच्या हॉलमध्ये वर्ग ठरला.

पहिल्या दिवशी बऱ्याच बायका आल्या. मी सगळ्यांना सतरंजीवर उताणं झोपायला सांगितलं, गुडघे उभे, आणि कंबर श्वासाबरोबर जराशी हलते का ते बघा म्हटलं. मग कोपऱ्यातून आवाज आला, "हे योग होय का? मले वाटलं, घाम निघन. असं तं आमी घरी बी झोपतो!"

सगळा हॉल हसला, मीही हसले. पुण्यात वर्ग आवडला नाही तर लोक काही बोलत नाहीत, नुसते येईनासे होतात. इथे तोंडावर सांगतात आणि दुसऱ्या दिवशी हजर असतात.

एक बाई मात्र झोपल्या नव्हत्या. साठीच्या, काटक, केस आखूड. भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजवं कोपर त्यांनी बरगडीशी असं घट्ट धरलं होतं की काखेत एखादी पर्स असावी. मी जवळ जाऊन खुर्ची देऊ का विचारलं.

"खुर्ची द्या. पण मले डोळे मिटाले सांगू नका."

वर्ग संपल्यावर त्या थांबल्या. नाव प्रमिला वानखडे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, ज्योतीच्या शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या स्तनाचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं.

"गाठ गेली, छाती गेली, अन हात राहिला तो असा," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, आता सगळं ठीक आहे, हात हलवा. हलवला की दुखतो. उताणं झोपून डोळे मिटले की ऑपरेशनच्या टेबलावरचे दिवे दिसतात. मी तुमच्याकडे आली ती ज्योती ऐकत नाही म्हणून."

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी या हाताला काही सांगणार नाही. त्यांनी तिथूनच फोन लावला. डॉक्टरांनी सावकाश करायला हरकत नाही म्हटल्यावर आम्ही दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. खिडकीसमोर टेबल, टेबलावर रुमाल, रुमालावर तळहात. श्वास सोडताना रुमाल पुढे सरकवायचा, दुखायच्या आधी थांबायचं आणि परत यायचं. बाकीच्या बायका सतरंजीवर, प्रमिलाताई खुर्चीवर, डोळे उघडे, नजर बाहेरच्या कडुलिंबावर.

"किती पुढं गेलं पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"जाईल तेवढं."

"मंग बरोबर का चूक हे तपासायचं कसं?"

"तपासायचं नाही. काय वाटतं तेवढं बघायचं."

गणिताच्या बाईंना हे पटलं नाही, पण त्या येत राहिल्या. रुमाल मात्र टेबलाच्या मध्यावर येऊन थांबे आणि पुढे सरकत नसे. मी घाई केली नाही. आतून मला काळजी वाटत होती. आठवडा संपत आला होता.

दिवसाचा बाकीचा वेळ मी शहरात हिंडत होते. राजकमल चौकाजवळ ज्योतीने मला गिला वडा खाऊ घातला (दह्यात भिजवलेला डाळीचा वडा, वर लाल चटणी). चटणीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. गाडीवाल्याने ते पाहून न विचारता आणखी दही ओतलं. घरी ज्योतीने सांभारवडी केली. मला वाटलं, इडलीबरोबरचं सांबार असणार. तर सांभार म्हणजे इथे कोथिंबीर. शिवाय बायकाही "मी येतो", "मी करून राहिलो" म्हणतात, याची कानाला सवय व्हायला दोन-तीन दिवस गेले.

रविवारी वर्गाला सुट्टी होती. ज्योतीने तिच्या गाडीतून चिखलदऱ्याला जायचं ठरवलं आणि प्रमिलाताईंनाही घेतलं. अचलपूर मागे टाकून परतवाड्यात चहा घेतला आणि घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, पानं वाळून तांबूस झालेली. वळणांनी मला मळमळायला लागलं. मी, जी लोकांना श्वास शिकवते, खिडकीबाहेर डोकं काढून बसले. प्रमिलाताईंनी डाव्या हाताने संत्र सोलून मला साल हुंगायला दिली. बरं वाटलं.

वर पोचल्यावर दरीच्या कडेला एका टपरीवर आम्ही कॉफी घेतली. इथल्याच मळ्यातली होती. प्रमिलाताई कठड्यावर बसल्या, संत्र्यांची पिशवी मांडीवर. तेवढ्यात एक लंगूर झाडावरून थेट त्यांच्या अंगावर उतरला. त्या ओरडल्या. पिशवी लंगुराने नेली, संत्री उतारावर घरंगळत गेली. आणि मी पाहिलं की त्यांचा उजवा हात तोंडापुढे आडवा आलेला होता. कोपर खांद्याच्या वर होतं.

ते त्यांच्याही लक्षात आलं. हात तसाच ठेवून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग तो हळूहळू खाली आणला आणि डाव्या हाताने खांदा दाबून धरला.

"दुखतंय?" मी विचारलं.

"दुखते. पण गेला ना वर." त्या म्हणाल्या, "म्हंजे तो अडकलेला नाही. मीच धरून ठेवला होता की काय त्याले?"

मी खरं तेच सांगितलं. जखम भरताना काही भाग खरोखर आवळतो, त्याला वेळ लागणार. आणि काही भाग आपण सांभाळून सांभाळून आवळलेला असतो. कुठला किती, हे मला बाहेरून सांगता येत नाही.

"मी सांगतो," त्या म्हणाल्या. "अकोल्याले माय आहे माझी. ऐंशीच्या पुढं गेली. तिले आम्ही ऑपरेशनचं सांगतलंच नाही. तिचं बीपी, तिचं वय. भाऊ म्हणाला नको, मीही म्हटलं नको. आधी मी गेली की तिच्या डोक्याले तेल लावून द्यायची, वेणी घालायची. दोन वर्षं झाली, मी जातो, समोरच्या खुर्चीवर बसतो अन येतो. जवळ गेली तर तिचा हात छातीले लागंल, तिले समजंल. ती शेजारणीले म्हणते, पोरीले पेन्शन लागली तशी पाहुणी झाली."

ज्योतीने कॉफीचा पेला खाली ठेवला. मग प्रमिलाताईच म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाले परतीचं तिकीट अकोल्याहूनच मिळालं ना? माझ्याबरोबर चला. मी आता तेल लावतो तिले."

शेवटचा वर्ग झाला, बायकांनी मला संत्र्यांची अख्खी पेटी दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी एसटीने निघालो. मूर्तिजापूरच्या आसपास रस्त्यालगत कपाशी वेचणाऱ्या बायका दिसत होत्या. प्रमिलाताईंचं कोपर बरगडीशी होतं.

अकोल्यात त्यांच्या भावाचं, बाबूचं, घर जुन्या कॉलनीत आहे. पुढे लहानसं अंगण, बैठकीत बुद्धाची मूर्ती, शेजारी वडिलांचा फोटो. भाऊ आणि वहिनी दोघंही कामावर जायच्या गडबडीत होते. भाऊ निघाला, वहिनी आमच्यासाठी थांबली. माय आतल्या खोलीत बाजेवर (सुतळीने विणलेल्या खाटेवर) बसली होती. लहानखुरी, पांढऱ्या केसांची, आवाज मात्र खणखणीत.

"आली का पाहुणी?" ती लेकीला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "बसा बाई. तुमी हिच्या शाळंतल्या का?"

"नाही, मी योग शिकवते."

"मंग हिले वाकाले शिकवा. लय ताठ झाली."

प्रमिलाताईंनी फडताळातून तेलाची बाटली काढली, मायेला जमिनीवर पाटावर बसवलं आणि स्वतः मागे बाजेच्या काठावर बसल्या. अंबाडा सोडला. डाव्या हाताने तेल घातलं, डाव्याच हाताने चोळायला लागल्या. उजवा हात त्यांनी उचलला. तो खांद्याच्या खालीच थबकला आणि परत मांडीवर आला.

मायेने डोळे मिटले होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "दुसरा हात कुठी हाय तुया?"

प्रमिलाताई थांबल्या.

"वं पमी, एकाच हातानं काहून लावून राहिली?"

मग त्यांनी सांगितलं. मायेच्या पाठीमागे बसून, तिच्या डोक्यावर एक हात ठेवून, वर्गात उदाहरण समजावून द्यावं तसं क्रमाने सगळं. गाठ, तपासणी, ऑपरेशन, औषधं, गळलेले केस. "आता बरी आहे माय. तपासणीत काही नाही निघालं."

माय वळली नाही. "बाबूले माहीत हाय?"

"हो."

"सुनेले?"

"हो."

"म्हंजे मलेच नाही."

ती उठली आणि तशाच मोकळ्या, तेलकट केसांनी मागच्या अंगणात जाऊन लिंबाच्या झाडाखाली बसली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली. ताटं वाढून झाली होती. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. कुणीच जेवायला बसलं नाही. आपण इथे यायलाच नको होतं असं मला वाटत होतं. स्टेशनवर जाऊन बसावं म्हणून मी बॅग उचललीही, पण वहिनीने मानेनेच नको म्हटलं.

प्रमिलाताई बाहेर गेल्या आणि मायेपुढे मातीतच बसल्या. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, माय रडेल किंवा आरडाओरडा करेल. पण ती एवढंच म्हणाली, "दुखलं तवा कोन व्हतं जवळ?"

"कोणी ना कोणी होतं, माय."

"मी नव्हतो ना पण."

प्रमिलाताई तेव्हा रडल्या. माय रडली नाही. तिने लेकीचा डावा हात धरून तिला उठवलं. दोघी आत आल्या, आतल्या खोलीत गेल्या. "दाखव मले," असं म्हणून मायेने दार लोटून घेतलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा प्रमिलाताईंचे डोळे सुजले होते आणि ब्लाउजवर तेलाचे डाग होते. आता मायेने मला समोर बसवलं.

"तुमी शिकवता ना? मंग मले शिकवा. हिचं मी करून घेतो."

मी दाखवलं. लेकीचं कोपर आपल्या तळहातावर घ्यायचं, हाताचं वजन नुसतं पेलायचं, ओढायचं नाही. तिचा श्वास बाहेर जाताना हात आपणहून जिथे जाईल तिथे बरोबर जायचं. मायेने कोपर हातात घेतलं आणि लगेच वर ओढलं.

"माय! वढू नोको ना!" प्रमिलाताई किंचाळल्या. साठीच्या शिक्षिका एकदम शाळेतल्या पोरीसारख्या बोलल्या, आणि वहिनी हसायला लागली.

"बरं बरं, नाही वढत." दुसऱ्या वेळी माय थांबून राहिली. प्रमिलाताईंनी श्वास सोडला. त्यांचा खांदा खाली उतरताना मला दिसला. रुमालावर आठवडाभर जे झालं नव्हतं ते झालं. कोपर बरगडीपासून सुटलं आणि मायेच्या हातावर भार टाकून राहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

मग आम्ही गार भाकरी खाल्ल्या. जेवताना मायेने सुनेला सांगितलं, "माहे लुगडे अन गोया काढून ठेव. मी जातो अमरावतीले." (गोया म्हणजे गोळ्या.)

वहिनीने भावाला फोन केला. तो म्हणाला, या वयात एसटीचा प्रवास कशाला, रविवारी मी गाडीने सोडतो. माय फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "दोन वर्सं तुमी मले थांबवलं. आता मी नाही थांबत."

संध्याकाळी बसस्टँडवर मी त्यांना अमरावतीच्या गाडीत बसवलं आणि रिक्षाने स्टेशनवर गेले. माझ्या गाडीला उशीर होता. फलाटावर बसून मी विचार करत होते. आपल्या अंगाकडे लक्ष द्या, त्याचं ऐका, असं मी लोकांना सांगते, आणि ते खरंही आहे. पण मी ते नेहमी एकट्या माणसाला सांगते, त्याच्या त्याच्या सतरंजीवर. एखाद्या खांद्याने कुणापासून लांब राहण्यासाठी स्वतःला आवळलं असेल, तर तो ज्याच्यापासून लांब राहिला त्याच्याजवळच सैल होईल, हे मला सुचलं नव्हतं. पुण्यात परतल्यावर मी वर्गात एक बदल केला. आठवड्यातून एकदा लोकांनी घरचं कुणीतरी बरोबर आणायचं. काही आणतात, काही लाजतात.

मार्चमध्ये मी प्रमिलाताईंना फोन केला. हात आता डोक्यापर्यंत जातो, केस स्वतः विंचरता येतात, असं त्या म्हणाल्या. पूर्ण वर जात नाही, कदाचित जाणारही नाही. पाठीमागून मायेचा आवाज येत होता. ती कुणाला तरी रागावत होती.

"माय अजून तिथेच आहेत?" मी विचारलं.

"हो ना. मी म्हटलं, अकोल्याले कवा जातं? तं म्हणते, तुया हात पुरा बरा झाला की जाईन." प्रमिलाताईंनी आवाज खाली आणला. "म्हणून मी बी काही घाई नाही करून राहिलो, मॅडम."