अख्खं काळीज

दोरीवरची चादर काढायला ताईनं हात उंच केले, की तिच्या पोटावरचा व्रण दिसतो. बरगडीच्या कडेनं गेलेला, आता फिकट झालेला. तसाच एक माझ्याही पोटावर आहे. माझं यकृत निकामी झालं, तेव्हा तिनं आपल्या यकृताचा मोठा तुकडा मला दिला. परवा तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, "दोघांचंही छान वाढलंय." ताई हसली. "बरं झालं, म्हणजे याच्याकडं परत मागायला नको!"

लहानपणी मला कावीळ झाली होती. गावचे वैद्य ताकातून भुईआवळी द्यायचे, तेल-तूप बंद ठेवायचे. बरा झाल्यावर आई त्यांच्या पाया पडायला गेली, तर म्हणाले, "मी काय केलं? त्याच्या यकृताला जरा उसंत दिली. सावरलं ते आपलं आपणच." हे जुनं शहाणपण माझ्या गळी उतरायला पोटाला टाके पडावे लागले.

जुनी माणसं यकृतालाच काळीज म्हणत. खाटकाकडं कलेजी मागा, अजून तेच मिळतं. प्रेमाच्या भरात आपणच तो शब्द वर सरकवून छातीत नेऊन ठेवला.

ताईनं चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. घडी घालता घालता आई आठवली. ती मला 'काळजाचा तुकडा' म्हणायची, आणि ताई रुसून बसायची. "मग मी कोण?"

"तू गं? तू अख्खं काळीज."